एचडी व्हिडिओ उतरवून घेताना: मूळ फाइल शोधण्यापासून टीव्हीवर चालेपर्यंत

शाळेतल्या टीव्हीवर फिल्म दाखवायची आहे, किंवा वाचनालयात नेट नाही म्हणून व्याख्यान पेनड्राइव्हवर न्यायचं आहे. ‘एचडी’ लिहिलेलं बटण दाबलं, तासाभराने फाइल उतरली, आणि ऐन वेळी चित्र धुरकट निघालं. कधी चित्र उत्तम असतं पण आवाजच येत नाही. कधी लॅपटॉपवर सगळं नीट चालतं आणि टीव्ही मात्र फाइल ओळखतच नाही. या तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि निम्म्या वेळा त्यांचा डाउनलोडशी संबंधही नसतो. म्हणून इथे उतरवण्यापेक्षा फाइल निवडण्यावर आणि तपासण्यावर जास्त भर दिला आहे.

आधी जवळ ठेवा

- विंडोज १० किंवा ११ असलेला लॅपटॉप. डिस्कवर फाइलच्या निदान दुप्पट जागा मोकळी हवी, कारण रूपांतर करताना जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती एकाच वेळी डिस्कवर असतात.
- व्हीएलसी: पाहण्यासाठी.
- मीडियाइन्फो: फाइलच्या पोटात काय आहे ते वाचण्यासाठी.
- हँडब्रेक: फाइलचं रूपांतर करण्यासाठी.
- एमकेव्हीटूलनिक्स: चित्र आणि आवाज जोडण्यासाठी किंवा फाइलचे तुकडे करण्यासाठी.
- क्यूबिटटॉरेंट: मोठ्या फाइलींसाठी, गरज पडली तरच.
- सेव्हन-झिप: फाइल पूर्ण उतरली का ते पडताळण्यासाठी.

ही सगळी साधनं फुकट आहेत आणि आपापल्या अधिकृत साइटवर मिळतात. शोधात सगळ्यात वर ‘जाहिरात’ म्हणून येणारी लिंक दाबू नका. तिथे याच नावाखाली भलतंच काही गळ्यात मारलं जातं.

१. हा व्हिडिओ उतरवायची मुभा आहे का?

ज्याचा व्हिडिओ आहे त्याने डाउनलोडचं बटण दिलं असेल, परवानगी कळवली असेल, किंवा व्हिडिओ हक्कमुक्त असेल, तर पुढे जा. यूट्यूबच्या अटींनुसार त्यांनी स्वतः दिलेल्या सोयीशिवाय किंवा परवानगीशिवाय व्हिडिओ उतरवता येत नाही. त्यांच्या ॲपमधलं डाउनलोड ॲपमध्येच राहतं. ती फाइल पेनड्राइव्हवर टाकता येत नाही आणि मधूनमधून नेटला जोडलं नाही तर चालेनाशी होते.

पैसे देऊन पाहायच्या ओटीटी ॲपांचंही तसंच आहे. तिथल्या फाइली कुलूपबंद असतात. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ असं कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करतं. त्या वाटेला जाऊ नका.

भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६० साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचा हक्क २०२० च्या ३१ डिसेंबरला संपला. यात एक मेख आहे. चित्रपटाचा हक्क संपला तरी त्यातल्या गाण्यांचे आणि कथेचे हक्क वेगळे असू शकतात. घरी पाहणं वेगळं. तुकडे कापून आपल्या चॅनलवर टाकायचे असतील तर आधी चौकशी करा.

२. मूळ फाइल शोधा

उतरवण्यापूर्वीचा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. एकाच व्हिडिओच्या पाच-सहा प्रती समोर असतात आणि नवखा माणूस पहिल्या बटणावर क्लिक करून मोकळा होतो.

इंटरनेट आर्काइव्ह (जुन्या फिल्मा, पुस्तकं जपणारं ऑनलाइन भांडार). पानाच्या उजव्या बाजूला ‘डाउनलोड ऑप्शन्स’ दिसतील. तिथली यादी अपुरी असते, म्हणून तळाचं ‘शो ऑल’ दाबा. आता सगळ्या फाइली आकारासह दिसतात. नावाच्या शेवटी ‘५१२केबी’ असलेली किंवा नावात ‘आयए’ जोडलेली एमपीफोर फाइल आर्काइव्हने स्वतः लहान करून ठेवलेली प्रत असते. सहसा सगळ्यात मोठी फाइल ही मूळ. शंका असेल तर त्याच यादीतली, नावाच्या शेवटी ‘फाइल्स’ असलेली एक्सएमएल फाइल उघडा. त्यात प्रत्येक फाइलपुढे ‘ओरिजिनल’ की ‘डेरिव्हेटिव्ह’ हे लिहिलेलं असतं. ती फाइल जपून ठेवा, पाचव्या टप्प्यात पुन्हा लागेल.

विकिमीडिया कॉमन्स (विकिपीडियाचं चित्र-व्हिडिओ भांडार). इथे एमपीफोर मिळणार नाही. व्हिडिओ वेबएम किंवा ओजीव्ही प्रकारात असतात. मूळ फाइलची लिंक घ्या, किंवा पानाच्या खालच्या भागातल्या यादीतून १०८०पी, ७२०पी (हे चित्राच्या ठिपक्यांचे आकडे, तिसऱ्या टप्प्यात उलगडतो) यांपैकी हवी ती प्रत घ्या. ही फाइल लॅपटॉपवर चालेल, टीव्हीसाठी मात्र बहुतेक वेळा रूपांतर करावं लागेल.

नासाचं चित्र-व्हिडिओ भांडार. डाउनलोडच्या यादीत ‘ओरिजिनल’पासून ‘मोबाइल’पर्यंत आकार दिलेले असतात. ओरिजिनल कधीकधी अवाढव्य असते. वर्गात दाखवायला ‘लार्ज’ पुरते का ते आधी पाहा.

एनपीटीईएल (आयआयटींचे ऑनलाइन अभ्यासक्रम). अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या व्याख्यानांना अभ्यासक्रमाच्या पानावरच डाउनलोडचा विभाग असतो. यूट्यूबवर धडपडण्याआधी तिथे पाहा.

स्वतःच्याच यूट्यूब चॅनलवरचा व्हिडिओ. इथे बरेच जण फसतात. यूट्यूब स्टुडिओमधून उतरवलेली प्रत ७२०पी किंवा ३६०पी मिळते, मग तुम्ही फोरके चढवलेला का असेना. मूळ फाइल हवी असेल तर गूगल टेकआउटमध्ये (गूगलवरची आपली माहिती उतरवून घ्यायची सोय) जा. ‘डिसिलेक्ट ऑल’ करा, फक्त यूट्यूबवर खूण करा आणि आतल्या यादीत ‘व्हिडिओज’ सोडून बाकीच्या खुणा काढा. तुकड्यांचा आकार विचारतील तेव्हा नेट मध्येच तुटणारं असेल तर लहान तुकडा निवडा, म्हणजे एखादा बिघडला तरी तेवढाच पुन्हा उतरवावा लागेल. तयार झालेल्या लिंकची मुदत साधारण आठवडाभराची असते.

ओळखीच्या माणसाचा व्हिडिओ. लिंकवरून उतरवायच्या खटपटीत पडण्यापेक्षा मूळ फाइलच मागून घ्या. व्हॉट्सॲपवर ‘व्हिडिओ’ म्हणून पाठवली की तिचा कस निघून जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, २ जीबीपर्यंत चालते. त्याहून मोठी असेल तर ड्राइव्हवर ठेवायला सांगा. ड्राइव्हमध्ये उघडून पाहताना चित्र धूसर दिसलं तरी घाबरू नका. तिथे दिसते ती झलक असते, डाउनलोड मात्र मूळ फाइलच होते. ‘मोठी फाइल असल्याने व्हायरस तपासता येत नाही’ असं आलं आणि पाठवणारा विश्वासाचा असेल, तर पुढे जा. खूप जणांनी उतरवल्यामुळे मर्यादा संपल्याचा संदेश आला तर दुसऱ्या दिवशी प्रयत्न करा किंवा मालकाला नवी प्रत ठेवायला सांगा.

३. आकाराचं गणित करा

१०८०पी म्हणजे १९२० बाय १०८० ठिपके, ७२०पी म्हणजे १२८० बाय ७२०. पण ठिपक्यांची संख्या म्हणजे दर्जा नव्हे. दर सेकंदाला किती माहिती खर्च केली आहे, म्हणजे बिटरेट किती आहे, त्यावर चित्र स्वच्छ दिसणार की डाग पडल्यासारखं, हे ठरतं. एक सोपा गुणाकार लक्षात ठेवा: बिटरेट मेगाबिटमध्ये घ्या आणि ०.४५ ने गुणा. एका तासाच्या फाइलचा जीबीतला आकार मिळतो. ५ मेगाबिटचा तासभराचा व्हिडिओ २.२५ जीबी, ८ मेगाबिटचा ३.६ जीबी.

हे गणित उलटं वापरलं की भेसळ पकडता येते. तासाभराच्या ‘फुल एचडी’ फाइलचा आकार ४०० एमबी दिसला, तर बिटरेट एक मेगाबिटच्याही खाली आला. फळ्यासमोर स्थिर उभ्या असलेल्या व्याख्यात्याला तेवढं पुरतं. लेझीम किंवा कबड्डीचा सामना असेल तर पडद्यावर नुसते चौकोन नाचतील. अशा वेळी चांगल्या बिटरेटची ७२०पी प्रत मिळत असेल तर ती घ्या. हडकुळ्या १०८०पी प्रतीपेक्षा ती नेहमी सरस दिसते.

नेटच्या वेगातही एक गफलत होते. कंपनी सांगते तो वेग मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोडच्या खिडकीत दिसतो तो मेगाबाइटमध्ये. आठने भागा. ४० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर ५ एमबी उतरतील, म्हणजे ३.६ जीबीला बारा मिनिटं. मोबाइलवर रोजचा दीड जीबी डेटा असेल तर ही फाइल सुरूच करू नका.

४. उतरवायला सुरुवात

- लिंकवर उजवं क्लिक करून ‘सेव्ह लिंक ॲज’ निवडा. नुसतं क्लिक केलं तर अनेकदा व्हिडिओ ब्राउझरमध्येच चालू लागतो.
- फाइल थेट पेनड्राइव्हवर उतरवू नका. आधी लॅपटॉपच्या डिस्कवर, मग कॉपी.
- लॅपटॉपची झोपायची वेळ ‘नेव्हर’ करून ठेवा. झाकण मिटलं की डाउनलोड तुटलं.
- क्रोममध्ये ‘सीआरडाउनलोड’ आणि फायरफॉक्समध्ये ‘पार्ट’ या शेपटीची फाइल दिसते तोवर काम अपुरं आहे. शेपटी हाताने बदलून एमपीफोर केली म्हणून फाइल पूर्ण होत नाही.

इंटरनेट आर्काइव्हवरची फाइल वारंवार तुटत असेल तर तिथलाच टॉरेंटचा (फाइल तुकड्यातुकड्याने उतरवण्याची पद्धत) पर्याय घ्या आणि क्यूबिटटॉरेंटने उतरवा. वीज गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे चालतं, आणि प्रत्येक तुकडा आपोआप तपासला जातो. कार्यालयांच्या आणि कॉलेजांच्या नेटवर टॉरेंट अनेकदा बंद असतं, हे काम घरी करा.

एक सापळा इथेच सांगतो. ‘लिंक इथे चिकटवा’ म्हणणाऱ्या साइटवर हिरवी, निळी, लाल अशी चार-चार डाउनलोडची बटणं असतात आणि त्यातली तीन जाहिराती असतात. ‘अलाउ दाबा म्हणजे डाउनलोड सुरू होईल’ हे तर निव्वळ थापेबाजीचं. ते दाबलं की दिवसभर भलत्यासलत्या सूचना येत राहतात. दाबून बसला असाल तर ब्राउझरच्या सेटिंगमधल्या ‘नोटिफिकेशन्स’ यादीतून त्या साइटचं नाव काढून टाका. व्हिडिओची फाइल कधीही ईएक्सई, एमएसआय किंवा एपीके नसते. विंडोज ही शेपटी लपवतं, म्हणून विंडोज ११ च्या फाइल एक्स्प्लोररमध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. ‘व्हिडिओ पाहण्यासाठी आमचा कोडेक (व्हिडिओ उलगडणारा भाग) बसवा’ असं सांगणारी फाइल उघडायच्या भानगडीत न पडता सरळ खोडून टाका.

५. उतरलेली फाइल तपासा

व्हीएलसीमध्ये फाइल उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट असं तीन ठिकाणी पाहा. मग कंट्रोल दाबून जे दाबा. तिथे कोडेक (चित्र कोणत्या पद्धतीने आकसवलं आहे), ठिपके आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) दिसेल. १०८० च्या जागी १०८८ दिसलं तर फाइल बिघडलेली नाही. एच.२६४ हा कोडेक चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन करतो आणि १०८० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून खालच्या बाजूला आठ ओळींची भर पडते. पडद्यावर त्या दिसत नाहीत.

कॉपी शंभर टक्के बरोबर आहे का हे पाहायचं असेल तर आर्काइव्हची ती एक्सएमएल फाइल उघडा. त्यात प्रत्येक फाइलची एसएचए-१ खूण (फाइलच्या आतल्या माहितीवरून निघणारी आकड्या-अक्षरांची ओळख) असते. सेव्हन-झिप बसवलं असेल तर व्हिडिओवर उजवं क्लिक करून तीच खूण काढता येते. दोन्ही जुळल्या की झालं.

मीडियाइन्फो मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण त्यात बिटरेट आणि आवाजाचा प्रकार एका नजरेत दिसतो. मात्र एक लबाडी त्यालाही दिसत नाही. जुनी ४८० ओळींची फिल्म कुणी ताणून १०८०पी केली असेल तर आकडे १०८० च दाखवतात. ती डोळ्यांनीच ओळखावी लागते: चेहऱ्यावरचे केस, साडीचं काठ, लांबच्या पाट्या पाहा. त्या मेणासारख्या वितळलेल्या दिसल्या तर लहान मूळ प्रत शोधा आणि जागा वाचवा.

६. काय बिघडतं, का बिघडतं

फाइल उघडतच नाही. एमपीफोरची अनुक्रमणिका अनेकदा फाइलच्या अगदी शेवटी असते. डाउनलोड ९९ टक्क्यांवर तुटलं तर ती अनुक्रमणिकाच येत नाही आणि प्लेअरला काही उलगडत नाही. पुन्हा उतरवणं हाच खरा उपाय. एमकेव्ही किंवा वेबएम अर्धवट उतरली तरी सहसा तिथपर्यंत चालते.

चित्र आहे, आवाज नाही. याची दोन कारणं. मोठ्या साइटी जास्त दर्जाचं चित्र आणि आवाज वेगवेगळ्या प्रवाहांत पाठवतात आणि प्लेअर ते पाहताना जुळवतो. तुमच्या हाती फक्त चित्राचा प्रवाह लागलेला असू शकतो. मीडियाइन्फोमध्ये ‘ऑडिओ’ हा भागच नसेल तर हेच झालं आहे. तुमच्या स्वतःच्या कामाच्या दोन फाइली अशा सुट्या असतील तर दोन्ही एमकेव्हीटूलनिक्समध्ये ओढून टाका आणि ‘स्टार्ट मल्टिप्लेक्सिंग’ दाबा. चित्र-आवाज पुन्हा आकसवण्याचा (कॉम्प्रेस करण्याचा) प्रकार नसल्याने दर्जा तसाच राहतो आणि काम काही मिनिटांत होतं. दुसरं कारण: आवाज आहे, पण ओपस किंवा डीटीएस प्रकारचा, आणि तुमचा टीव्ही तो वाजवत नाही. इथे हँडब्रेकने आवाज एएसी करून घ्या.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत. सुरुवातीपासून सारखाच फरक असेल तर व्हीएलसीमध्ये जे आणि के या कळांनी तो भरून काढा. फरक हळूहळू वाढत असेल तर फ्रेमरेट बदलता आहे. मोबाइलवर चित्रित केलेल्या फाइलींत हे नेहमी होतं. हँडब्रेकमध्ये फ्रेमरेट ‘कॉन्स्टंट’ ठेवून फाइल पुन्हा काढा.

चित्र अडखळतं किंवा हिरवं होतं. जुन्या लॅपटॉपला एचईव्हीसी किंवा एव्हीवन या नव्या कोडेकमधला फोरके व्हिडिओ झेपत नाही. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘इनपुट / कोडेक्स’ या भागात हार्डवेअरच्या मदतीची सेटिंग आहे. अडखळत असेल तर ‘ऑटोमॅटिक’ आणि हिरवट पट्टे येत असतील तर ‘डिसेबल’ करून पाहा. नाहीच जमलं तर १०८०पी एच.२६४ प्रत घ्या.

हालचालीच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसतात. जुन्या टीव्ही प्रक्षेपणात एक चित्र दोन भागांत, एकाआड एक ओळी घेऊन पाठवत, त्याची ही खूण. व्हीएलसीमध्ये डी दाबा. कायमचं घालवायचं तर हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये ‘डीइंटरलेस’ लावा.

ओटीटी ॲपमध्ये एचडी डाउनलोड येतच नाही. दोष अनेकदा नेटचा नसून फोनचा असतो. व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या वाइडवाइन या संरक्षणाची एल-१ पातळी नसलेल्या, म्हणजे एल-३ असलेल्या फोनला अशी ॲप साधारणपणे साध्या दर्जाचाच व्हिडिओ देतात. पातळी सांगणारी छोटी ॲप मिळतात; जुना किंवा वापरलेला फोन घेण्याआधी पाहून घ्या.

७. टीव्हीसाठी फाइल तयार करा

कुठल्याही टीव्हीवर चालण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेलं मिश्रण एकच: एमपीफोर फाइल, आत एच.२६४ चित्र, एएसी आवाज, १०८०पी. हँडब्रेकमध्ये फाइल टाका आणि ‘फास्ट १०८०पी३०’ हा तयार साचा निवडा. दर्जाच्या पट्टीवर आरएफ आकडा असतो. आकडा जितका लहान तितका दर्जा आणि आकार मोठा. १०८०पीसाठी २० ते २४ ही योग्य हद्द; २२ वर ठेवून विसरून जा. १८ करून काहीच जास्त दिसणार नाही, पेनड्राइव्ह मात्र भरेल. आधी दोन मिनिटांचा तुकडा काढून टीव्हीवर लावा, मगच तीन तासांचं नाटक रूपांतराला टाका.

पेनड्राइव्हची गोम अशी. बाजारातले बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारात (फाइली मांडण्याची एक पद्धत) येतात आणि त्यात ४ जीबीची एक फाइल मावत नाही, मग आत ५० जीबी मोकळे असोत. विंडोज ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणतं आणि लोक नवा पेनड्राइव्ह आणतात. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा (आतलं सगळं पुसलं जाईल, आधी काढून ठेवा). टीव्ही एक्सफॅट ओळखत नसेल तर एनटीएफएस करून पाहा. दोन्ही चालत नसतील तर फॅट३२ च ठेवा आणि एमकेव्हीटूलनिक्सच्या ‘आउटपुट’ भागातल्या ‘स्प्लिट’ने आकारानुसार तुकडे करा. मात्र ते तुकडे एमकेव्ही असतात, टीव्हीला ते चालतात का पाहा. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर २९.८ दिसतात ती फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

कॉपी झाल्यावर पेनड्राइव्ह हिसकून काढू नका. पट्टी शंभरावर गेली तरी लिहिणं मागे चालू असू शकतं. ‘इजेक्ट’ करूनच काढा.

मराठी उपशीर्षकं असतील तर त्यांच्या एसआरटी फाइलचं नाव व्हिडिओच्या नावाशी अक्षरशः जुळवा आणि नोटपॅडमध्ये ‘सेव्ह ॲज’ करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग येईल. एवढं करूनही काही टीव्हींवर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन बसते. तो टीव्हीच्या लिपीचा दोष आहे, फाइलमध्ये दुरुस्त होत नाही. अशा वेळी हँडब्रेकच्या ‘सबटायटल्स’ भागात एसआरटी जोडून ‘बर्न इन’वर खूण करा, म्हणजे अक्षरं चित्रातच छापली जातील. वेळ नसेल तर लॅपटॉप एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडा, आवाजाच्या सेटिंगमध्ये टीव्ही निवडा आणि व्हीएलसीतूनच फिल्म लावा.